सादळलेली पावडर

हॅलोजनचा धडा आला की शेषराव मास्तर निराळाच माणूस व्हायचा. एरवी तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरची पोरं निवांत जांभया देत, कारण हा गडी कुणावर हात उगारत नसे आणि आवाजही चढवत नसे. पण फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही नावं फळ्यावर एकाखाली एक उतरली, की त्याच्या अंगात यायचं. गोरेगावच्या त्या पत्र्याच्या वर्गात दहावीची पोरं मग बाहेरची बैलगाडीसुद्धा विसरून त्याच्याकडे बघत बसत.

"यांच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन," तो म्हणायचा, "अन् पाहिजेत आठ. म्हणजे घरात सगळं हाये, फक्त एक न्हाई. त्या एकासाठी हे कुणाच्याबी अंगावर धावून जातात. क्लोरीन जंतूच्या अंगावर धावून जातो, जंतू मरतो. माणसानं जास्त हुंगला तर माणूस मरतो. अन् हाच क्लोरीन सोडियमच्या घरी नांदायला गेला की काय होतं? तुमच्या भाकरीवरचं मीठ! एकदा त्याला पाहिजे ते मिळालं, की तो कुणाचं काही वाकडं करत न्हाई. हॅलोजन या शब्दाचा अर्थच मीठ जन्माला घालणारा."

मग प्रयोग. ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवायची, थोडं आम्ल टाकायचं, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि वरून भाताची पेज. पावडरीतला क्लोरीन आयोडीनला त्याच्या घरातून हुसकावून लावतो, बेघर झालेलं आयोडीन पेजेला भेटतं आणि परीक्षानळी एका क्षणात गर्द निळी होते. पोरं "आयव!" म्हणून ओरडत आणि शेषरावचं तोंड लग्नातल्या नवरदेवासारखं फुलून येई.

पेज घरून यायची. शेषरावच्या घरी भात सणासुदीलाच शिजे, रोजची ज्वारीची भाकर. पण धड्याच्या दिवशी पंचफुला सकाळीच मूठभर तांदूळ शिजवी, पेज काढून त्याच्या डब्याशेजारी ठेवी, आणि उरलेला भात गौतमीच्या पोटात जाई. सहा वर्षांच्या त्या पोरीला क्लोरीन माहीत नव्हता की आयोडीन. तिला एवढंच ठाऊक होतं की बापाचा एक धडा असा आहे, ज्या दिवशी घरात गरम भात होतो.

"बा, निळ्या पान्याचा धडा कवा हाये?" असं ती भर उन्हाळ्याच्या सुट्टीतही विचारायची.

शेषरावची वस्ती गोरेगावपासून थोडी आत, नाल्याच्या काठाला होती. बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झालेली पंधरा-वीस घरं. वस्तीतला पहिला पदवीधर म्हणजे शेषराव, औरंगाबादला राहून शिकून आलेला. आणि वस्तीचं दुसरं वैभव म्हणजे विहीर. बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली तेव्हा वस्तीच्याच माणसांनी ती खोदली होती. त्याआधी इथल्या बायका वरच्या गावातल्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन ताटकळत उभ्या राहत. कुणाला दया आली तर वरून ओतलं, नाही तर नाही. पंचफुलानं नव्या नवरीच्या अंगानं ते उभं राहणं भोगलं होतं. म्हणून ही विहीर तिला नवऱ्याच्या पदवीपेक्षाही मोठी वाटे, आणि ती तसं तोंडावर सांगायचीही.

विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर आरोग्य खात्याचा दगडोबा आणून देई. त्याला गावं पुष्कळ आणि सायकल एक. त्यानं डबा शेषरावच्या हवाली केला होता. "मास्तर, तुमाला त्यातलं कळतं. दर आठवड्याला एवढं एवढं टाकत ऱ्हावा." मास्तर इमानानं टाकत होता. बायका मात्र नाकं मुरडत. पाण्याला दवाखान्याचा वास येतो, चहा नासतो, डाळ शिजत नाही, एक ना दोन. शेजारच्या जनकाबाईचा नवरा ग्यानोबा तर म्हणायचा, मास्तरानं विहिरीला सुई टोचली.

चौऱ्याहत्तर साली पाऊस थांबेचना. घराच्या भिंती ओल्या, चूल ओली, काडेपेटीसुद्धा पेटेना. डब्याचं झाकण चेपलेलं होतं, त्यात ओल शिरली आणि पावडरीची ढेकळं झाली. भादव्यात चार दिवस उघडीप पडली, लख्ख ऊन आलं, आणि पंचफुला कामाला लागली.

ऊन दाखवणं हा तिचा धर्मच होता म्हणा ना. डाळ सादळली, ऊन. ज्वारीत टोका किडा झाला, ऊन. गोधड्या, मिरच्या, शेवया, नवऱ्याची पुस्तकंसुद्धा. शेषराव एका जागी बसून राहिला असता, तर तिनं त्यालाही बाजेवर पसरून उलटापालटा केला असता. आई तशी होती, सासू तशी होती. जे सादळतं ते उन्हानं पुन्हा जिवंत होतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं बाजेवर जुनं लुगडं अंथरलं, तोंडाला पदर बांधला, ढेकळं हातानं फोडून पावडर पातळ पसरली. हात चुरचुरले, डोळ्यांतून पाणी आलं. उघडीप होती तोवर रोज सकाळी पसरायची, संध्याकाळी गोळा करायची. शेवटी पावडर कशी पिठासारखी मोकळी झाली, आणि तो नाकात जाणारा वासही गेला.

"अवो मास्तर," रात्रीच्या भाकरी थापता थापता तिनं सांगितलं, "ती पावडर सादळली व्हती. चांगलं ऊन दाखवलं. वास बी गेला मेल्याचा."

शेषराव घटक चाचणीचे पेपर तपासत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरं केलं."

रविवारी त्यानं त्या डब्यातली पावडर बादलीत कालवून विहिरीत सोडली. वास आला नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याला वाटलं, चला, बायकांची कटकट मिटली. फळ्यावरचं शहाणपण फळ्यावरच राहिलं, त्याच्यासोबत घरी आलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात वरच्या गावात पटकी आली. हगवण, वांत्या, आणि दिवस मावळायच्या आत माणूस गार. वस्तीतली माणसं घाबरून शेषरावकडे आली तेव्हा तो विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहून म्हणाला, "आपल्या विहिरीत औषध टाकलेलं हाये. वरच्या गावचं पानी पिऊ नका, आपलं खुशाल प्या." सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. त्याचा स्वतःचा तर होताच.

पहिला ग्यानोबा गेला. माणूस म्हातारा, म्हणून कुणी पाण्याचा विचार केला नाही. मग एका सकाळी गौतमी परसाकडून आली ती भिंतीला धरून. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. शेषराव पळत गोरेगावला गेला आणि हातापाया पडून जीप घेऊन आला. तिला सलाईन हवं आहे हे त्याला कळत होतं. सलाईन म्हणजे काय, तर मिठाचं पाणी; सोडियम आणि क्लोरीन. ते हिंगोलीत होतं, आणि मध्ये चिखलाचा रस्ता होता.

जीपमध्ये गौतमी आईच्या मांडीवर होती. "पानी," एवढंच म्हणत होती. पंचफुलानं निघताना घागरीतून तांब्या भरून घेतला होता. ती पदराचं टोक भिजवून पोरीच्या ओठांवर पिळायची, मग घोट घोट पाजायची. "पाजत ऱ्हाय," शेषराव म्हणत होता, "थांबू नको, पाजत ऱ्हाय." सेनगावच्या अलीकडे चाक रुतलं. माणसांनी ढकलून ते काढलं, आणि जीप पुन्हा सुरू झाली तेव्हा पंचफुला तांब्या हातात धरून नुसती बसली होती. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि काही न विचारता गाडी परत फिरवली.

पोरीला नाल्याच्या वरच्या अंगाला पुरलं. त्रिशरण म्हणताना शेषरावचा आवाज फुटला, तेव्हा बाकीच्यांनी ते पुढं नेलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका पंचफुलाजवळ येऊन बसू लागल्या. जनकाबाईही आली, स्वतःचं कपाळ मोकळं झालेलं असताना. रडून झालं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न यायचा. औषध टाकलं होतं ना मास्तरानं? मग आपल्या विहिरीनं असं काहून केलं?

तो प्रश्न शेषरावच्याही डोक्यात घुमत होता. चुलीपाशी तो स्वतः बसला, मूठभर तांदूळ शिजवले आणि पेज काढून घेतली. भात पातेल्यात तसाच राहिला. त्याच्याकडे बघवेना म्हणून त्यानं झाकण ठेवलं आणि डब्यातली चिमूटभर पावडर कागदात बांधून शाळेचा रस्ता धरला.

शाळा रविवारची बंद होती, चावी त्याच्याकडे होती. त्यानं नळीत पावडर कालवली, आम्ल टाकलं, आयोडाइड टाकलं, पेज ओतली. नळी पांढरीच राहिली. त्यानं हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. पांढरी ती पांढरीच. मग त्यानं शाळेच्या कपाटातली काळी बाटली काढली. ही पावडर अंधारात, बूच घट्ट लावून ठेवायची असते, असं दरवर्षी तो पोरांकडून वहीत लिहून घेई. त्या पावडरीची नळी थेंब पडताक्षणी गर्द निळी झाली.

तो बाकावर बसला. सगळं त्याला एकदमच कळलं आणि कळणं थांबवता येईना. ओल, ऊन, पातळ पसरलेली पावडर. क्लोरीन वासासोबत उडून गेला होता, आणि जो उरला होता तो पोट भरलेला, कॅल्शियमच्या घरी नांदायला लागलेला, मिठाइतका गरीब. त्यानं विहिरीत औषध म्हणून मीठ टाकलं होतं. आणि पंचफुलाचे चुरचुरणारे हात. आणि "बरं केलं" म्हणणारा आपलाच आवाज. त्या रिकाम्या वर्गात शेषराव ओक्साबोक्शी रडला. पोरगी गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

परतीच्या वाटेवर त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. हे पंचफुलाला कळता कामा नये. पोरीचं दुःख ती सोसेल, बायका सोसतात. पण आपल्या हातानं झालं हे कळलं तर ती त्याच विहिरीत उतरेल. आपण जगू कसंही. ती जगली पाहिजे.

दारात बायका बसलेल्या होत्याच. तो उंबऱ्यातच उभा राहिला. "पावडर कमी पडली," तो म्हणाला. "माप चुकलं माझं. जेवढी टाकायला पाहिजे तेवढी मी टाकली न्हाई."

जनकाबाई उठली आणि त्याच्या अंगाला पदरही लागू नये अशा बेतानं बाजूनं निघून गेली.

पंचफुलाचं तोंड मात्र त्या दिवसापासून सुटलं. "मी मरमर करून वाळवून दिली," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एक खडा सुदिक ठिवला न्हाई, पिठावानी केली. अन् ह्यो शिकलेला मानूस! ह्याला माप कळंना!" बायका माना हलवत. तुझी काय चूक गं बाई, तू तर जिवाचं रान केलंस. शेषराव घरात बसून हे ऐके. ती त्याला भाकर वाढायची ती ताटात फेकल्यासारखी. कडू तोंडाचा, मापाला चुकलेला, पोर खाल्लेला. काय काय म्हणाली ती त्याला. तो खाली मान घालून जेवायचा. खरं सांगायचं तर त्या शिव्यांचा त्याला आधार वाटत होता. ती शिव्या देत होती म्हणजे ती जिवंत होती, उठत होती, चूल पेटवत होती. शाळेत त्यानं आयोडीनपाशी धडा थांबवला आणि प्रयोग केला नाही. पोरांनी विचारलं तेव्हा सामान संपलं म्हणाला. विहिरीसाठी शाळेच्या काळ्या बाटलीतली पावडर तो गुपचूप नेत होता, पण ती किती दिवस पुरणार?

असे काही आठवडे गेले. मग एका शनिवारी सकाळची शाळा करून तो घरी आला आणि अंगणातच थांबला. बाजेवर लुगडं अंथरलं होतं, आणि त्यावर पांढरी पावडर. पंचफुला तोंडाला पदर बांधून ढेकळं फोडत होती. दगडोबा नवा डबा घरी ठेवून गेला होता.

"हे काय करून राहिली?"

"दिसत न्हाई का? सादळकीच दिली मेल्यानं. ऊन दाखवून राहिले." तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "अन् आता इहिरीत मी सोता टाकनार. दगडोबाला माप इचारून घेतलं म्या. तुमच्या हातावर माझा भरोसा न्हाई. दुसऱ्याचं लेकरू न्हाई मरू देनार मी."

"भरून ठिव ते," शेषराव म्हणाला. "आभाळ येऊन राहिलं."

पंचफुलानं वर पाहिलं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. "कुठं हाये आभाळ?"

वस्तीतली पोरं विहिरीवर बादली सोडून हसत होती, त्यांचा आवाज इथवर येत होता. तो लुगड्याची टोकं गोळा करायला वाकला, तर तिनं त्याचा हात धरला.

"काहून? काहून भरायची?"

"ऊन लागलं की त्यातलं औषध जातं, पंचफुले."

"कुठं जातं?"

"हवेत. तो जो वास हाये ना, तेच औषध. वास गेला की नुसती माती राहती."

तिचा हात त्याच्या मनगटावर तसाच राहिला. ती पावडरीकडे बघत होती, आणि शेषरावला दिसत होतं की ती मागं मागं जात आहे. एक एक दिवस, एक एक सकाळ.

"मंग मागचा डबा?" ती म्हणाली.

त्यानं हातातलं लुगड्याचं टोक सोडून दिलं.

"मी इचारून राहिले, मागच्या डब्यातलं बी गेलं व्हतं?"

"व्हय."

"तुमाला कवा कळलं?"

"गौतमीचं झाल्यावर. शाळेत जाऊन पाहिलं."

"अन् माप चुकलं म्हनले ते?"

"माप बराबर व्हतं."

पंचफुला बाजेच्या कडेला बसली. तोंडावरचा पदर तिनं सोडला नाही, त्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. पावडरीनं ते आधीच लाल झालेले होते, त्यामुळे रडते आहे की नाही हेही कळेना. "जीपमधी ती पानी मागत व्हती," ती म्हणाली. "माझ्याच हातानं बिघडलेलं. माझ्याच हातानं पाजलं."

"तू मला सांगितलं व्हतं," शेषराव तिच्यासमोर जमिनीवर बसला. "भाकरी करताना सांगितलं व्हतं तू. मी बरं केलं म्हनलो. ह्याच गोष्टीचा मी पगार खातो, पंचफुले. तुला ठाऊक नव्हतं. मला व्हतं."

पंचफुला उठली. मग तिनं लुगड्याची चारी टोकं उचलली, पावडर डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं आणि डबा उचलून घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. परत आली ती दारातच उभी राहिली.

"तुमाला शिव्या देत व्हते ना मी," ती म्हणाली, "तवा दिवस कसा बी निघून जायचा. सकाळी उठलं की वाटायचं, हाये कुनीतरी. आता कोनाला देऊ?"

"मलाच दे."

तिनं तोंडावरचा पदर सोडला. त्या सगळ्या शिव्या तिला पाठ होत्या, वस्तीला पाठ होत्या. शेषराव मान खाली घालून वाट बघत राहिला. तिनं एकदा तोंड उघडलं, पुन्हा उघडलं, आणि तिच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही.